पुंजाजीच्या डब्याला देवी

खारटाकळीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नव्या नवरीच्या डोळ्यांतलं पाणी सासरच्या विहिरीपेक्षा गोड असतं, असं सोनाळ्याची माणसं सांगत. सांगणारच. सोनाळा वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. खारटाकळी तिथून तीन कोस खाली, ऐन खारपाण पट्ट्यात. तिथल्या विहिरीत लोखंडी बादली सोडली की पहिल्या वर्षी तिचं बूड पातळ होई, दुसऱ्या वर्षी गळे, आणि तिसऱ्या वर्षी दोराला नुसती कडी वर येई. मनकर्णाबाईनं चोवीस वर्षांच्या संसारात अशा अकरा बादल्या पोहोचवल्या होत्या. म्हणून तिचा नवरा पुंजाजी दिवाळीच्या सुमाराला खामगावाहून आठ माणसांची व्हॅन घेऊन आला आणि पहिल्याच दिवशी गाडीला त्या विहिरीच्या पाण्यानं आंघोळ घालू लागला, तेव्हा मनकर्णाबाईच्या डोळ्यांपुढे आधी त्या अकरा बादल्या आल्या.

"अहो, या पाण्यानं बादलीचं बूड जाते," ती म्हणाली.

"बादली आन् मोटार एक हाय का वो? बादलीले रंग असते का?"

ही व्हॅन मुळात एका जिनिंगवाल्या शेठची. शेठनं ती दहा वर्षं वापरली, मग त्याच्या मुनिमानं वापरली, मग कोंबड्यांनी. कोंबड्यांना हाकलून पुंजाजीनं ती घेतली. रंग दुधासारखा, पाठ सपाट, पोट फुगीर. गावानं पाहताक्षणी तिचं नाव 'डबा' ठेवलं, आणि पुंजाजी "व्हॅन म्हना, व्हॅन" करत गल्लोगल्ली फिरला तरी ते काही निघालं नाही.

मनकर्णाबाईला डब्यात कोंबड्यांचा वास आला खरा, पण समोरच्या काचेतून तिला थेट देऊळगाव राजा दिसलं. तिथं तिचं माहेर. सात वर्षं तिनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता, आणि त्याला कारण तिच्या नवऱ्याची जीभ. सात वर्षांपूर्वी दोघं तिच्या थोरल्या भावाकडे, रंगरावाकडे, बारशाला गेले होते. सर्व्हिसच्या चार मोटारी बदलून, शेवटचे दोन कोस पायी, पुंजाजीच्या डोक्यावर भलामोठा कोहळा. रंगरावाच्या दारात तेव्हा नवीकोरी जीप. तो चारचौघांत म्हणाला, "या पाव्हणे. पाय धुऊन आत या, अन् दोनदा धुवा. चार गावची धूळ आणलीत." चारचौघं हसली. पुंजाजीनं कोहळा उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाला, "आता या दारात येईन त सोताच्या मोटारीत. नाई त मी येनार नाई, आन् ही बी येनार नाई."

'ही बी' म्हणजे मनकर्णाबाई. तिला कोणी विचारलं नव्हतं. ती आत भावजयीशी बोलत बसली होती. वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं माहेर संपलं.

मग मोटार आल्यावर दुसऱ्या दिवशी निघायला काय हरकत होती? पण नाही. "बिनबोलावन्याचं कोन जाते?" पुंजाजी म्हणाला. "कार्य पाह्यजे. मांडव पाह्यजे. अपमान चाळीस मानसांत झाला, मान चारशांत घेईन."

तोवर मोटार चकचकीत राहायला हवी म्हणून आंघोळ. पुंजाजी स्वतः दोन दिवसांआड न्हायचा, डबा सकाळ-संध्याकाळ. पाणी वाळलं की पत्र्यावर पांढरी भुकटी धरे. पुंजाजी ती बोटावर घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी, "पाह्य, रंगच एवढा हाय का उतू जाऊन राह्यला." मंडळी बोट चाटून पाहत आणि मान हलवत. एका म्हातारीनं त्या भुकटीत आठवडाभर वांगी शिजवली म्हणतात. तिच्या सुनेनं कधी हे नाकारलं नाही.

शिवरात्रीच्या सुमाराला मागच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर पहिला फोड आला. तुरीच्या दाण्याएवढा. पुंजाजीनं नखानं दाबला; रंगाची खपली निघाली आणि आतून तांबडं पाणी ओघळलं. होळीपर्यंत डाव्या अंगावर एकशे सात फोड झाले. उजव्या अंगाचे मोजायला त्याचा जीव झाला नाही.

सोनाळ्याच्या कचरू पेंटरला बोलावणं गेलं. कचरू तरुणपणी नांदुऱ्याकडे रेल्वेचे पूल रंगवायचा. आता दुकानांच्या पाट्या आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा. त्यानं डब्याभोवती एक फेरी मारली, दोन जागी टिचकी वाजवली आणि फोडातलं पाणी जिभेला लावून थुंकला.

"जंग हाय हा, पुंजाजीभाऊ. आतून खाऊन राह्यला. आधी पत्रा दिसेपर्यंत खरवडा लागन. मंग अस्तर, मंग रंग. आन् हे आंघोळ पह्यले बंद."

"खरवडू देनार नाई. तू फक्त वरून पांढरा मार."

"रंग म्हंजे गोधडी हाय, भाऊ. तापलेल्या मानसावर गोधडी टाकली त ताप जात नाई. दिसत नाई फक्त."

"मंग दिसू नको देऊ."

कचरूनं खांदे उडवले आणि पांढरा मारला. आठ दिवस डबा बगळ्यासारखा दिसला. नवव्या दिवशी नव्या रंगाला नवे फोड आले, आणि हे बोराएवढे होते.

नेमक्या त्याच दिवशी देऊळगाव राजाहून कुंकवाचे शिंतोडे उडालेली पत्रिका आली. रंगरावाच्या लेकीचं, जनकाचं लग्न, अक्षय्यतृतीयेचा, म्हणजे आखाजीचा मुहूर्त. मध्ये महिना आणि चार दिवस. जनकाला मनकर्णाबाईनं कडेवर खेळवलं होतं, तिचे पहिले केस विंचरले होते. पत्रिकेच्या खाली भावजयीनं, मंजुळावहिनीनं, कुणाकडून तरी एक ओळ लिहवून घेतली होती : 'मनूबाई, मोटार नसली तर नसो, आल्यावाचून राहू नये.'

पुंजाजीनं ती ओळ मोठ्यानं दोनदा वाचली. "पाह्यलं? सात वर्षं झाले, अजून टोमना." आणि त्या दिवसापासून डब्याची तिसरी आंघोळ सुरू झाली, दुपारची.

मनकर्णाबाईनं मनातल्या मनात हिशेब केला. बादलीला तीन वर्षं. ती दिवसातून चारदा भिजते. डबा तीनदा, पण नखशिखांत. आखाजीपर्यंत हातात नुसतं स्टिअरिंग राहील, आणि ते धरून काही हा माणूस रंगरावाच्या दारात जायचा नाही. सर्व्हिसच्या मोटारीनं तर मुळीच नाही. म्हणजे जनका लग्न होऊन सासरी जाणार, आणि आत्या खारटाकळीत डाळ शिजायची वाट बघत बसणार.

आंघोळ थांबली पाहिजे. पण सांगून थांबणारा हा नवरा नव्हे. त्याला थांबवायचं तर त्याच्याहून मोठं कोणीतरी हवं. ती गोठ्याजवळ उभ्या डब्याकडे बघत राहिली. फोड. खपल्या. फोडातलं पाणी.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी बादली घेऊन आला तर डब्याच्या दारांच्या दांड्यांना कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या, पुढे पाण्याचा तांब्या, आणि मनकर्णाबाई डोक्यावर पदर घेऊन बसलेली.

"काय झालं वो?"

"हळू बोला. देवी आल्या."

"कोनाले?"

"डोळे नाईत का तुमाले? पह्यले पोटावर, मंग पाठीवर. दाबलं त पानी, मधात काळा ठिपका. आपल्या धाकट्याले आल्या तवा अशाच आल्या होत्या का नाई, सांगा."

पुंजाजीनं हसायला तोंड उघडलं. पण धाकट्याला देवी आल्या तेव्हा हाच पुंजाजी महिनाभर अनवाणी हिंडला होता, आणि ती आठवण तोंड उघडं असतानाच आत शिरली. तेवढ्यात शेजारची वच्छलाबाई शेणाची पाटी घेऊन आली. तिनं डबा पाहिला, पाटी खाली ठेवली आणि हात जोडले. वच्छलाबाईनं हात जोडले की खारटाकळीत ती गोष्ट ठरली, मग तहसीलदार जरी आला तरी बदलायची नाही.

"लोखंडाले देवी येते का, वच्छलाबाई?" पुंजाजीनं शेवटचा प्रयत्न केला.

"बैलाले येते, गाईले येते. हे तं मानसं वाहाते. आंघोळ घालू नका, भाऊ. कोप होईन."

देवी असलेल्या घराचे नेम लागू झाले. आंघोळ बंद, फोडणी बंद, पायताण बंद, मोठ्यानं बोलणं बंद. पुंजाजीनं बादली खाली ठेवली. मनकर्णाबाईनं पदराआड एक निःश्वास सोडला.

बातमीत मात्र गावोगाव जाताना डब्याचा माणूस झाला. चौथ्या दिवशी सरकारी देवी-डॉक्टर, म्हणजे लोकांच्या दंडावर देवी टोचणारा गृहस्थ, सायकलवरून घामाघूम होऊन आला.

"रोगी कुठंय?"

"गोठ्यापाशी," पुंजाजी म्हणाला.

"गोठ्यापाशी काऊन ठेवला?"

"दारातून घरात शिरत नाई."

"वय किती?"

"पंधरा असन. शेठ बारा सांगे."

"शुद्धीवर हाय?"

"हँडल मारलं त गुरगुरते."

देवी-डॉक्टरनं रोगी पाहिला. तो आपल्या लशीच्या पेटीवर मटकन बसला. नऊ कोस उन्हातून आला होता. मग त्यानं मान वळवली आणि त्याचे डोळे चमकले. दोन वर्षं त्याची सायकल दिसली की तुरीत जाऊन दडणारं गाव आज दर्शनाला म्हणून डब्याभोवती गोळा झालं होतं. देवीसमोरून पळायचं कसं? त्यानं एका बैठकीत एकशे चाळीस दंड टोचले, वच्छलाबाईचा आधी. जाता जाता त्यानं डब्यालाही नमस्कार केला, आणि तो अगदी मनापासून.

आंघोळ थांबली, पण आलेले फोड काही बसेनात. मनकर्णाबाई मारुतीच्या पारावर गेली, तिथं तिचं लक्ष पारावरच्या लोखंडी खांबाकडे गेलं. लोक मारुतीला तेल-शेंदूर लावत आणि बरबटलेली बोटं त्या खांबाला पुसत. तीन पिढ्यांची बोटं. हात पोहोचे तिथवरचा खांब गुळगुळीत तांबडा, आणि वाजवला तर ठणठणीत. जिथवर कुणाचा हात पोहोचत नव्हता, तो वरचा भाग जंगानं चाळणी झालेला. पाणी तेच, वारा तोच. अकरा बादल्या पोहोचवलेल्या बाईला यापुढे काही समजवायची गरज नव्हती.

त्या दिवसापासून दुपारी पुंजाजी आडवा झाला की ती उलथनं घेऊन डब्याच्या खपल्या खरवडू लागली, पार पत्रा दिसेपर्यंत, आणि वर जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर थापू लागली. पुंजाजीनं विचारलं तर, "देवीले लावा लागते." वच्छलाबाई म्हणे, "लागतेच." गावातल्या बाया वाटीवाटीनं शेंदूर आणू लागल्या. डब्याचं डावं अंग झालं, मग नाक झालं, मग बायांना चेव आला आणि टपही झाला.

कचरू पेंटर एकदा वाटेनं जाताना थबकला. त्यानं शेंदराला बोट लावलं, वास घेतला.

"बाई, हे कोनं शिकवलं तुमाले?"

"मारुतीनं."

"आमी नांदुऱ्याच्या पुलाले हेच लावत होतो. सायेब डब्यातून काढे, नाव विंग्रजी सांगे. होता शेंदूरच." मग तो सायकल लावून, बाह्या सरसावून खरवडायला बसला. "उलथन्यानं कोपरे निंघत नाईत. आना इकडे."

आखाजी पाच दिवसांवर आली. फोड गेले होते, आंघोळ गेली होती, आणि मनकर्णाबाई लुगड्याच्या घड्या घालत होती. तेव्हा वच्छलाबाई ओट्यावर टेकली आणि सहज म्हणाली, "घड्या कायले करतं वो? देवी असल्या घरचं मानूस मांडवात जात नाई."

मनकर्णाबाईचा हात घडीवरच राहिला. नवऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात ती स्वतःच उभी होती. कडुनिंब तिनं खोचला होता, नेम तिनं लावले होते, आणि आता तेच नेम तिला दारात आडवे आले होते. देवी आल्या नव्हत्याच असं सांगावं, तर एकशे चाळीस माणसं दंड चोळत तिच्या दारात उभी राहिली असती.

"मंग उतरवू देवी," ती म्हणाली. "उद्याच."

"उतरवाले आंघोळ लागते. दोन बादल्या."

"या विहिरीची नाई." मनकर्णाबाईनं डोळे मिटले, ते भक्तीनं की विचार करायला हे वच्छलाबाईला कळलं नाही. "मले सपनात सांगतलं. घरागनिक एक तांब्या. प्यायच्या पान्याचा."

प्यायचं पाणी खारटाकळीत सोनाळ्याहून बैलगाडीवर पिंपानं यायचं आणि तुपासारखं वाढलं जायचं. तरी दुसऱ्या दिवशी त्रेसष्ट घरांतून त्रेसष्ट तांबे आले. डबा गोड्या पाण्यानं न्हाला, दहीभाताचा नैवेद्य झाला, देवी वाजतगाजत शिवेबाहेर गेल्या. पुंजाजीनं फडक्यानं पुसून पाहिलं. भुकटी धरली नाही. शेंदूर मात्र जाईना. "पांढरी घेतली होती मी," तो पुन्हा पुन्हा म्हणाला. "मारुतीवानी शेंदऱ्या मोटारीत बसून मांडवात जाऊ का आता?"

"मारुतीले कोनी हसत नाई," मनकर्णाबाई म्हणाली, आणि पुंजाजी निघाला.

आठ माणसांच्या डब्यात अकरा माणसं बसली. मनकर्णाबाई पुढे नवऱ्याशेजारी, डाव्या दाराशी. मागे पोरं, भावकी, आणि देवी परत वळून आल्या तर जवळ कोणी जाणतं असावं म्हणून वच्छलाबाई. वरून डबा सजला होता, पण खालून कुणी बघितलंच नव्हतं. खालच्या पत्र्यात एवढी भोकं होती की मागच्या पोरांना रस्ता पळताना दिसे. धाकट्यानं वाटेत पडलेला आंबा त्या भोकातून हात घालून उचलला, असं तो पुढे म्हातारा होईपर्यंत सांगत राहिला. गाडी तेव्हा चालत होती की उभी, ते सांगत नसे. खामगावात दोघांनी डब्याला नारळ वाढवला. जंगाचा आणि शेंदराचा असा तांबडा धुरळा मागे उठत होता की एक बैलगाडी गुलाल समजून चार कोस मागोमाग आली.

चिखलीच्या पुढे मोठा खड्डा लागला. मनकर्णाबाईच्या बाजूला काहीतरी कटकन वाजलं आणि दार हातभर बाहेर झुकलं. वरची बिजागरी गेली होती, खालची नावाला होती. तिनं झडप घालून आतली कडी धरली आणि दार ओढून घेतलं.

"काय वाजलं?" पुंजाजीनं विचारलं.

"दात," ती म्हणाली.

दार गेलं हे कळलं असतं तर तो तिथूनच वळला असता. बिनदाराच्या मोटारीत रंगरावाच्या दारात? मेला तरी गेला नसता. म्हणून तिनं दार धरलं. वैशाखाचं ऊन, तापलेलं लोखंड, आणि पंधरा कोसांचा रस्ता. उजवा हात सुन्न झाला की डावा, डावा झाला की दोन्ही.

"दार काऊन धरून बसली वो?" वच्छलाबाई मागून म्हणाली.

"माहेर दिसलं का उडी मारीन म्हून."

रंगरावाच्या दारात मांडव भरला होता. चारशे माणसं, वऱ्हाड उतरलेलं, व्याही लोडाला टेकलेले. पुंजाजीनं डबा थेट मांडवाच्या तोंडाशी नेला, भोंगा तीनदा वाजवला आणि हाताची घडी घातली.

"उतरा ना," मनकर्णाबाई म्हणाली.

"तो येईन. आधी तुह्यं दार उघडन, मंग माह्यं. तवा."

रंगराव आला. फेटा बांधलेला, सुपारी चघळत. मागं तीच सात वर्षांपूर्वीची चारचौघं, थोडी जाड झालेली. त्यानं डब्याच्या नाकापासून शेपटापर्यंत नजर फिरवली आणि त्याच्या मिशीचं टोक हललं. मनकर्णाबाईला ती मिशी लहानपणापासून माहीत होती. आता याच्या तोंडून काहीतरी पडणार, चारशे माणसं हसणार, पुंजाजी दुसरी शपथ घेणार. आणि मांडवात, बायांच्या घोळक्यात, हळदीनं पिवळी झालेली जनका टाचा उंचावून आत्याला शोधत होती.

"या पाव्हणे," रंगराव म्हणाला, "हे काय, साक्षात—"

"दादा," मनकर्णाबाई मध्येच म्हणाली, "दार थोडं घट्ट हाय. जोरानं ओढजो."

रंगरावानं दांडी धरली आणि जोरानं ओढली. मनकर्णाबाईनं हात सोडला.

दार आलं. रंगराव दारासकट तीन पावलं मागे गेला आणि अक्षतांच्या परातीत बसला, दार मांडीवर. वाजंत्री थांबली. तांदूळ त्याच्या फेट्यावरून हळूहळू घरंगळत होते.

"रंगराव," व्याही लोडावरून उठत म्हणाले, "मेहुण्याची मोटार फाडली की तुम्ही."

"म्या हलकाच हात लावला," रंगराव म्हणाला. त्यानं दाराकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं. जन्मात न उच्चारलेला शब्द त्याला जिभेवर जुळवावा लागला. "चुकलं पाव्हणे. माझं चुकलं."

पुंजाजीनं चारशे माणसांवर सावकाश नजर फिरवली. "असू द्या," तो म्हणाला. "तुमचा हात जड हाय, रंगराव. सात वर्षांपासून म्हाईत हाय मले."

मनकर्णाबाई तोवर उतरून गेलीही होती. तिची बोटं कडीच्या आकारात आखडली होती; त्याच हातांनी तिनं जनकाचं तोंड धरलं, तर जनका म्हणाली, "आत्या, कामून अशी चिमटीत धरते?" आणि दोघी हसता हसता रडल्या.

लग्न पार पडलं. तिसऱ्या दिवशी रंगरावानं स्वतः जाऊन लोहाराला घरी आणलं. पाव्हण्याची मोटार सांधून दिल्याशिवाय पाव्हणा हलायचा नाही, हे त्यानं व्याह्यांसमोर जाहीर केलं होतं. मनकर्णाबाई ओसरीवर मंजुळावहिनीसोबत तांदूळ निवडत होती. लोहारानं बिजागरी हातात घेतली, चुरगळली, आणि तिचा तांबडा भुगा बोटांतून खाली पडला.

"मालक, हे तुमच्या हातानं तुटलेलं नाही. हे आधीच गेलेलं. कुणीतरी नुसतं धरून ठेवलं असंल."

रंगरावानं वळून बहिणीकडे पाहिलं. मनकर्णाबाई खडे वेचत राहिली. त्यानं तिचे हात पाहिले. कडीचा वळ अजून तळव्यावर होता.

"किती वेळ लागंल?" त्यानं लोहाराला विचारलं.

"दुपारपर्यंत देतो."

रंगरावानं मान खाजवली. "दुपार कशाला? पंधरा दिवस लाव."

"एका बिजागरीला पंधरा दिवस?"

"दोन हायेत," मनकर्णाबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "महिना लावा."